चुन्याच्या भट्टीचा हिशोब

श्रोते हो, 'रासायनिक ऊष्मागतिकी' हा शब्द उच्चारायला जितका जड आहे, तितका तो विषय जड नाही. रासायनिक क्रियेत उष्णतेची देवघेव कशी होते, कोणती क्रिया आपोआप घडेल आणि कोणती घडणार नाही, हे आधीच सांगता यावे, एवढ्यासाठी हे शास्त्र आहे. शिक्षक मंडळींना त्यातली समीकरणे पाठ असतात. पण एखाद्या चौकस मुलाने "गुरुजी, हे टी गुणिले एस म्हणजे नक्की काय हो?" असे विचारले, की पंचाईत होते. म्हणून आज मी काचेच्या नळ्या आणि आम्लांच्या बाटल्या बाजूला ठेवतो आणि घरोघरी ठाऊक असलेली एक वस्तू घेतो. ती वस्तू म्हणजे चुना.

चुन्याच्या आयुष्यात तीन घटना घडतात. पहिली भट्टीत. चुनखडी, किंवा कोकणात समुद्राच्या शिंपल्या, कोळशाबरोबर किंवा लाकडाबरोबर रचून भाजतात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भाजल्यावर तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे राहते ती चुनकळी, म्हणजेच कळीचा चुना. दुसरी घटना हौदात. चुनकळीवर पाणी पडले की ती फुगते, तडकते, वाफा सोडते आणि विरून तिचे मऊ पीठ किंवा लोणी होते. तिसरी घटना भिंतीवर. लावलेला चुना हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो, पाणी सोडून देतो आणि पुन्हा चुनखडी होऊन बसतो. निघाला तिथेच परत आला! भाजताना चुनखडीचे वजन घटते ते एक वायू निघून गेल्यामुळे, ही गोष्ट स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या वैद्यकाच्या अभ्यासकाने तराजूवर तोलून सिद्ध केली आणि १७५६ साली छापून प्रसिद्ध केली. भट्टीवाल्याला मात्र, माल हलका होऊन निघतो हे त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

आता हिशोबाला बसू. रसायनशास्त्रात मोजायचे माप मोल. चुनखडीचा एक मोल म्हणजे १०० ग्रॅम. त्यातून ५६ ग्रॅम चुनकळी आणि ४४ ग्रॅम वायू निघतो. १०० म्हणजे ५६ अधिक ४४, वजनाचा हिशोब जमला. उष्णतेचा हिशोब असा: १०० ग्रॅम चुनखडी फोडायला १७८ किलोजूल उष्णता आत घालावी लागते. त्या ५६ ग्रॅम चुनकळीवर पाणी घातले की ६५ किलोजूल बाहेर येतात. आणि तोच चुना भिंतीवर वायू शोषून घट्ट होतो, तेव्हा ११३ किलोजूल बाहेर येतात.

आत येणाऱ्या उष्णतेला अधिक आणि बाहेर जाणाऱ्या उष्णतेला उणे चिन्ह लावायची रीत आहे. येथे मुले हटकून गोंधळतात. ऊब तर आपल्याला मिळाली, मग उणे का? तर ही वही पदार्थाची आहे, आपली नव्हे. त्याच्या घरातून गेले, म्हणून उणे. हे एकदा सांगून टाकले की पुढचा निम्मा त्रास वाचतो. ज्या खात्यावर ही देवघेव मांडतात त्या खात्याला एन्थाल्पी म्हणतात. क्रिया उघड्या हवेत, म्हणजे दाब कायम असताना, घडत असेल तर आत-बाहेर गेलेली उष्णता म्हणजेच एन्थाल्पीतील बदल. निघालेला वायू हवा ढकलून आपल्यासाठी जागा करतो. ४४ ग्रॅम वायूला २५ अंशांवर सुमारे साडेचोवीस लिटर जागा लागते. त्या ढकलण्याचे काम, जेमतेम अडीच किलोजूल, तेही याच खात्यात धरलेले असते.

आता तिन्ही आकडे ओळीने मांडा. अधिक १७८, उणे ६५, उणे ११३. बेरीज शून्य!

ही बेरीज योगायोगाने शून्य आलेली नाही. वस्तू जिथून निघाली तिथेच परत आली, तर तिच्या खात्यात काही शिल्लक राहता कामा नये आणि काही देणेही राहता कामा नये. वाट लांबची असो की जवळची, दोन ठिकाणांमधला फरक तोच. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या हेस यांनी हा नियम १८४० साली मांडला, म्हणून तो हेसचा नियम. पुढे जूल, मायर, हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून ऊर्जा निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही, हे पक्के झाले. यालाच ऊष्मागतिकीचा पहिला नियम म्हणतात. हेसचा नियम त्याच्या पोटात बसतो.

हा नियम परीक्षेपुरता ठेवण्याजोगा नाही. गावोगाव अधूनमधून कुणीतरी येतो आणि निव्वळ पाण्यावर चालणारे इंजिन दाखवतो. पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो जाळून इंजिन फिरवायचे आणि त्याच इंजिनाच्या विजेने पुन्हा पाणी फोडायचे, असे त्याचे म्हणणे असते. सोबत छापील कागद असतात आणि आगाऊ रक्कम भरायची असते. चुन्याचा हिशोब ज्याला कळला त्याने वहीत दोन ओळी लिहाव्यात. हायड्रोजन जळून १८ ग्रॅम पाणी तयार होताना २८६ किलोजूल बाहेर येतात, तर तेवढे पाणी पुन्हा फोडायला २८६ किलोजूल आत घालावे लागतात. बेरीज शून्य. मग गाडी कशावर चालणार? पाणी ही हायड्रोजनची जळून झालेली राख आहे, आणि राख पुन्हा पेटत नाही. १९९६ साली तमिळनाडूत एका माणसाने पाण्यात पाला उकळून पेट्रोल करून दाखवल्याचा गाजावाजा झाला होता. मोठमोठी माणसे काही काळ चकित झाली. अखेर प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१६ साली त्याला शिक्षा झाली. शिक्षक बंधुभगिनींनो, अशा वेळी गावातली माणसे तुमच्याकडे येतात. तेव्हा यंत्र उघडून पाहण्याच्या भरीस पडू नका. इंधन कोणते आणि त्याची राख कोणती, एवढेच विचारा.

असो. चुन्याकडे परत येऊ. बेरीज शून्य आहे हे ऐकून कुणी शेतकरी विचारील, मग भट्टीवाल्याचा कोळसा फुकटच गेला म्हणायचा की काय? प्रश्न मोठा मार्मिक आहे, आणि ऊष्मागतिकीचा दुसरा निम्मा भाग त्याच्या उत्तरात आहे.

एक किलो चुनकळी करायला निदान ३,१८० किलोजूल लागतात, म्हणजे निव्वळ कार्बन धरला तर सुमारे १०० ग्रॅम. प्रत्यक्षात पुष्कळच जास्त इंधन लागते, कारण धुराबरोबर आणि भट्टीच्या भिंतीतून उष्णता निघून जाते. ही एक किलो चुनकळी विरवताना जवळजवळ १,१६० किलोजूल परत देते. तेवढ्या उष्णतेने साडेतीन लिटर गार पाणी उकळीला येईल! म्हणूनच चुना विरवताना तो भरपूर पाण्यात थोडाथोडा सोडावा. ढिगावर तांब्याने थोडेसे पाणी ओतले, तर जागच्या जागी उकळी फुटून चुना उसळतो आणि डोळ्यांत जातो. झाकणाच्या डब्यात तर चुनकळी कधीही भिजवू नये. डोळ्यांत चुना गेलाच, मग तो पानाच्या पुडीतला का असेना, तर तूप-तेल काही न घालता स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा बराच वेळ धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा.

बाकीची उष्णता भिंतीवर परत येते, पण ती महिनोन्महिने झिरपत येते. भिंतीला हात लावून कळणारसुद्धा नाही. भट्टीत तीच उष्णता ९०० अंशांना होती. तिथे ती दगड फोडू शकत होती. आता ती हवेच्या तापमानाला उतरली. बंदा रुपया होता तो मोडला, आणि चिल्लर भर बाजारात सांडली. एक पैसाही जगातून नाहीसा झाला नाही, परंतु गोळा करून पुन्हा रुपया करणे कुणाला साधणार? पहिला नियम नुसता रकमेचा हिशोब ठेवतो. रक्कम कोणत्या नाण्यात आहे हे पाहणारा नियम तो दुसरा.

पूर्वी पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना असे वाटे, की ज्या क्रियेतून उष्णता बाहेर येते तीच आपोआप घडते. पाणी उताराकडे वाहते तसे. दिसायला हे पटण्याजोगे आहे, पण ते खरे नाही, आणि तसा पुरावा शेतकऱ्याच्या बादलीतच आहे. पिकावर फवारायला युरिया पाण्यात टाकला की बादली गार पडते, हे आपण हाताने अनुभवले असेल. ६० ग्रॅम युरिया विरघळताना सुमारे १५ किलोजूल उष्णता पाण्यातून ओढून घेतो. पाच लिटर पाण्यात एक किलो टाकून ढवळा, पाणी आठ-दहा अंशांनी उतरेल. साधा तापमापक असला की वर्गात करून दाखवण्याजोगा याहून स्वस्त प्रयोग नाही. आता बघा, युरियाला कुणी ढकलले नाही, आच दिली नाही. उलट त्यानेच उष्णता मागून घेतली आणि तरीही तो आपोआप विरघळला. उताराची गोष्ट येथे कुठे लागू पडते?

याचे उत्तर मोजणीत आहे. समजा, चार मुले आहेत आणि दोन खोल्या आहेत. कोण कुठे जाईल याला काही बंधन नाही. तर चौघांच्या वाटणीचे एकंदर १६ प्रकार होतात. चारही मुले पहिल्याच खोलीत असण्याचा प्रकार एकच. दोन इकडे, दोन तिकडे असण्याचे प्रकार सहा. म्हणून केव्हाही डोकावलात तर दोन-दोन दिसण्याचा संभव जास्त. कुणी शिस्त लावली म्हणून नव्हे, प्रकार जास्त म्हणून. चारांच्या जागी शंभर मुले घेतली तर सगळी एका खोलीत सापडणे जन्मात घडणार नाही. आणि एक मोल युरियात किती कण असतात? सहावर तेवीस शून्ये. खड्यात ते ठरलेल्या जागी जखडलेले असतात, तर पाण्यात त्यांना हिंडायला असंख्य जागा. कण आणि त्यांची ऊर्जा किती प्रकारांनी पसरू शकते, याचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. हा शब्द क्लाउझियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली घडवला. आपल्याकडे त्याचा अर्थ 'अव्यवस्था' असा सांगून मोकळे होतात. मला तो शब्द फारसा रुचत नाही. त्याने मुलांपुढे पसाऱ्याची खोली उभी राहते, आणि मोजायचे काय ते कळतच नाही.

तेव्हा रासायनिक क्रियेपुढे दोन ओढी असतात. एक, उष्णता बाहेर टाकून खाली बसण्याची. दुसरी, पसरण्याची. कधी दोन्ही एकाच दिशेने असतात, कधी परस्परविरुद्ध. विरुद्ध असल्या तर जिंकणार कोण? ते ठरवते तापमान. अमेरिकेतील येल येथे गिब्ज नावाचे प्राध्यापक होते. १८७१ साली त्यांची नेमणूक झाली, पण १८८० पर्यंत त्यांना त्या जागेचा पगार नव्हता! (शिक्षक मंडळींनी हे ऐकून हसू नये.) त्यांनी १८७६ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या एका दीर्घ निबंधात या दोन्ही ओढी एकाच सूत्रात बांधल्या. ते सूत्र असे:

मुक्त ऊर्जेतील बदल = एन्थाल्पीतील बदल − (निरपेक्ष तापमान × एन्ट्रॉपीतील बदल)

पुस्तकात हेच जी, एच, टी आणि एस या अक्षरांनी लिहिलेले असते. तापमान आणि दाब कायम असताना उत्तर उणे आले तर क्रिया आपोआप घडण्याकडे कल आहे. अधिक आले तर नाही. शून्य आले तर दोन्ही बाजू तुल्यबळ, म्हणजे समतोल. आणि तो 'टी गुणिले एस' म्हणजे पसरण्याच्या ओढीची उष्णतेच्या मापात केलेली किंमत. तापमान जितके जास्त, तितकी ती किंमत जास्त.

आता हे सूत्र भट्टीला लावू. चुनखडी फुटताना एन्थाल्पी १७८ किलोजूलने वाढते. ही ओढ विरुद्ध आहे. पण घट्ट दगडातून वायू मोकळा होतो, त्यामुळे एन्ट्रॉपी दर केल्विनला १६० जूलने वाढते. ही ओढ अनुकूल आहे. साध्या हवेत, २५ अंश म्हणजे २९८ केल्विनला, गुणाकार येतो सुमारे ४८ किलोजूल. १७८ वजा ४८, अधिक १३० किलोजूल. म्हणून डोंगरातली चुनखडी उन्हात लाखो वर्षे पडली तरी आपली आपण फुटत नाही. आता भट्टी १,२०० केल्विनला, म्हणजे ९२७ अंशांना न्या. गुणाकार १९२ किलोजूल. १७८ वजा १९२, उणे १४. दगड फुटू लागला! मधली वेस कुठे? जिथे दोन्ही बाजू सारख्या तिथे. १,७८,००० ला १६० ने भागा, १,११२ केल्विन, म्हणजे सुमारे ८४० अंश. भागाकार करण्यापूर्वी किलोजूलचे जूल करायला विसरू नये. निम्मी मुले येथेच अडखळतात आणि भट्टी एका केल्विनवर पेटवून मोकळी होतात. प्रत्यक्षात वेस ९०० अंशांच्या जवळपास लागते, कारण हे दोन्ही आकडे स्वतःही तापमानाबरोबर थोडे सरकतात. पण भट्टी न पाहता, दोन आकड्यांच्या भागाकाराने इतके जवळचे उत्तर मिळावे, ही मोठीच गोष्ट म्हणायची.

यात एक अट आहे, आणि भट्टीवाल्याला ती चांगली ठाऊक असते. निघालेला वायू निघून गेला पाहिजे. तो भट्टीतच कोंडला तर पसरायला जागा उरत नाही आणि चुना तो वायू पुन्हा गिळू लागतो. म्हणून भट्टीला खालून वरपर्यंत वारा खेळता ठेवतात. ओढा नीट नसला तर कोळसा जळतो आणि दगड मात्र पोटात कच्चा राहतो. हाच वायू हवेहून जड असल्यामुळे भट्टीच्या खळग्यात आणि आसपासच्या सखल जागी साचतो. त्यात कोळशाचा विषारी धूरही मिसळलेला असतो. थंडीत ऊब मिळते म्हणून भट्टीच्या काठावर कुणीही झोपू नये. त्या झोपेतून जाग येईलच असे नाही.

दुसऱ्या बाजूने पाहा. भिंतीवरचा चुना वायू शोषतो तेव्हा एन्ट्रॉपी घटते, कारण मोकळा वायू दगडात जखडला जातो. ओढ विरुद्ध झाली. पण हवेच्या तापमानाला तिची किंमत थोडी, आणि बाहेर पडणारे ११३ किलोजूल भारी. म्हणून चुना घट्ट होतो. भट्टीत दगड फुटतो आणि भिंतीवर तोच परत जुळतो, यात विरोध काहीच नाही. सूत्र एकच, फक्त तापमान बदलले.

आता या शास्त्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते कल सांगते, वेग सांगत नाही. युरिया ज्या अमोनियापासून करतात त्याचेच उदाहरण घ्या. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया होताना ९२ किलोजूल बाहेर येतात, मात्र चार मापे वायूची दोन मापे होतात, म्हणून एन्ट्रॉपी घटते. सूत्र म्हणते, तापमान कमी ठेवा. पण थंडीत हे दोन वायू शेजारी शेजारी बसून राहतात, हलत नाहीत. जर्मनीत हाबर आणि बॉश यांनी यावर तोड काढली ती अशी: लोखंडाचा उत्प्रेरक घ्यायचा, दाब शेकडो पटींनी चढवायचा आणि कल थोडा बिघडला तरी चालेल म्हणून ४००-५०० अंशांची आच द्यायची. १९१३ साली ओप्पाउ येथे असा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही मुळात हीच तडजोड आहे. एका बाजूला कल, एका बाजूला वेग, आणि मधे इंधनाचा खर्च.

चुन्याचेही तेच. भिंतीवर घट्ट होण्याकडे त्याचा पक्का कल आहे, पण हवेत कार्बन डायऑक्साइड दहा हजार भागांत जेमतेम चार भाग. तो पृष्ठभागावरून आत शिरायचा, तर वरचा पापुद्रा लवकर दगड होतो आणि जाड भिंतीच्या पोटात हे काम पुरे व्हायला कित्येक वर्षे लागतात. शिवाय हा वायू आधी पाण्यात विरघळतो आणि मगच चुन्याला भेटतो. गिलावा उन्हाने एकदम कोरडा पडला तर कल असूनही क्रिया अडून बसते, आणि बोटाने खरवडला की पीठ निघते. म्हणून जाणता गवंडी चुन्याच्या नव्या गिलाव्यावर ओले गोणपाट सोडतो आणि निदान काही दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायला सांगतो.